गळाला लागलेला मासा कोणाचा?



आपल्या इंदूरहून समुद्र चांगलाच लांब आहे. तरीही या अंकात आम्ही शार्क माशांवर लिहीत आहोत, आणि त्याला कारण झाल्या आठवी-नववीच्या वह्या. गेल्या सत्रात वाचनाच्या तासाला या वर्गांनी ‘एका कोळियाने’ हे पुस्तक वाचले. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या १९५२ सालच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा पु. ल. देशपांडे यांनी केलेला हा अनुवाद. ८४ दिवस एकही मासा न मिळालेला क्यूबाचा म्हातारा सांतियागो, त्याच्या होडीपेक्षाही लांब असा मार्लिन, आणि परतीच्या वाटेवर तो मासा फस्त करणारे शार्क. वाचून झाल्यावर मुलांना आपापले मत लिहायला सांगितले होते. बहुतेकांनी शार्कला ‘चोर’ आणि ‘दरोडेखोर’ म्हटले. काहींनी तर सगळे शार्क मारून टाकावेत असा निकालही देऊन टाकला. म्हाताऱ्याबद्दलचा त्यांचा कळवळा आम्हाला आवडला. निकाल मात्र पटला नाही.

हा निकाल आपल्याच मुलांचा आहे असेही नाही. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर गळाने मासे धरणारे लोक आज हेच म्हणत आहेत. मासा गळाला लागतो, वर ओढता ओढता दोरी एकदम हलकी होते, आणि हाती येते ते नुसते डोके. तिकडच्या लोकांनी शार्कला ‘टॅक्समन’, म्हणजे कर वसूल करणारा, असे नाव ठेवले आहे. नाव गमतीचे असले तरी नुकसान गमतीचे नाही. भाड्याने होडी घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना मासा मिळवून देण्यावर ज्याचे घर चालते, त्याच्या होडीतून पाहुणे दिवसभर नुसती डोकी घेऊन उतरले, तर पुढच्या वेळी ते येतील कशाला?

हेमिंग्वे यांनाही हा विषय कल्पनेतून सुचलेला नव्हता. १९३६ साली ‘एस्क्वायर’ मासिकात त्यांनी क्यूबाच्या एका म्हाताऱ्या कोळ्याची हकिकत लिहिली होती. दोन दिवसांनी तो सापडला तेव्हा होडीला बांधलेल्या मार्लिनचा अर्ध्याहून कमी भाग उरला होता, आणि त्या उरलेल्या भागाचेच वजन ८०० पौंड, म्हणजे सुमारे ३६० किलो, होते. म्हातारा रडत होता आणि शार्क अजून होडीभोवती फिरत होते. त्याच्या आदल्या वर्षी बिमिनी बेटांजवळ हेमिंग्वे यांनी स्वतः शार्कवर मशीनगन चालवून पाहिली होती. त्यांचे चित्रकार मित्र हेन्री स्ट्रेटर यांचा भला मोठा मार्लिन तेव्हा गळाला होता. गोळ्या लागलेल्या शार्कच्या रक्ताच्या वासाने आणखी शार्क जमले, आणि मार्लिनचा मोठा भाग त्यांनी खाऊन टाकला. सगळे शार्क मारा म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मुळात शार्क करतो काय? धडपडणाऱ्या माशाच्या हालचालीतून खालच्या पट्टीचे, तुटक तुटक असे ध्वनी निघतात, आणि त्यांच्याकडे शार्क ओढला जातो. हे १९६३ सालीच प्रयोगाने दाखवले गेले आहे. जखमी आणि दुबळा मासा आधी उचलायचा हा त्याचा लाखो वर्षांचा शिरस्ता. गळाला लागलेला मासा त्याच्या लेखी जखमी मासाच. त्या माशावर आपला हक्क आहे हे त्याला कोण सांगणार?

आणि हे जीव शिकतातही. अलास्कात लांब दोरावर शेकडो गळ लावून मासेमारी चालते. दोर ओढायला लागले की बोटीच्या इंजिनाचा आवाज बदलतो, आणि तो ओळखून तिथले स्पर्म व्हेल, म्हणजे एका जातीचे देवमासे, दुरून येतात. दोर जबड्यात धरून हिसका देऊन त्यावरचा मासा सोडवणारा असा एक व्हेल २००६ साली कॅमेऱ्यात टिपला गेला. (आमच्या काही विद्यार्थ्यांनाही मधल्या सुट्टीची घंटा अशीच दुरून कळते.) पश्चिम ऑस्ट्रेलियात निंगालूच्या प्रवाळ भागात २०१५-१६ मध्ये पाहणी झाली. तिथे दहापैकी सुमारे चार फेऱ्यांत शार्कने मासा नेला होता, आणि जिथे होड्यांची गर्दी जास्त, तिथे हे प्रमाणही जास्त होते. होड्या रोज त्याच जागी उभ्या राहू लागल्या, तर तिथे पान वाढले आहे असे शार्कने का समजू नये?

पूर्वी एवढे शार्क नव्हते, असे तिथले लोक सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. पण त्यांचे ‘पूर्वी’ कोणते? अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर १९७० आणि ८०च्या दशकांत शार्कची इतकी शिकार झाली की १९९३ साली नियम करावे लागले. २००८ पासून सँडबार जातीच्या शार्कची व्यापारी मासेमारी, संशोधनापुरती सोडून, बंद आहे. या जातीची मादी वयात यायलाच दहा-बारा वर्षांहून जास्त काळ लागतो. मग दोन-तीन वर्षांतून एकदा तिला आठ-नऊ पिल्ले होतात. म्हणजे तीस वर्षे सांभाळले तेव्हा कुठे संख्या थोडी सावरू लागली. ज्याने १९९०च्या सुमारास पहिल्यांदा गळ टाकला, त्याने रिकामा झालेला समुद्र पाहिला आणि तोच खरा समुद्र समजला.

या सगळ्यात आम्हाला खरी चिंता वाटते ती हिशोबाची. समजा, एका माणसाला दिवसाला दोन मासे नेण्याची परवानगी आहे. त्याचे तीन मासे शार्कने नेले. तरीही तो गळ टाकतच राहिला आणि शेवटी दोन मासे घेऊन घरी गेला. समुद्रातून गेले पाच, आणि कागदावर लिहिले गेले दोन! किती मासे धरू द्यायचे हे त्याच कागदावरून ठरणार असेल, तर मोठी चूक तिथे आहे. शार्कला चोर म्हणण्याआधी त्याने नेलेले मासे मोजले पाहिजेत, आणि ते आपल्याच खात्यात लिहिले पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. गळ टाकला नसता तर तो मासा तिथे धडपडत राहिला नसता.

उपाय नाहीत असेही नाही. बारीक दोरीवर मासा तासभर खेळवत ठेवण्याचा शौक सोडून जाड दोरीने तो झटपट वर घ्यावा. पहिला मासा गेला की जागा बदलावी. माशांची साफसफाई करून उरलेला भाग त्याच पाण्यात टाकू नये. अलास्काच्या आखातात २०१७ पासून सेबलफिश नावाच्या माशासाठी गळांच्या दोराऐवजी पिंजरे वापरण्याची परवानगी मिळाली, आणि पिंजऱ्यातला मासा व्हेलला काढता येत नाही. पण पिंजरे आणि ते ओढण्याची यंत्रे महाग पडतात. लहान होडीवाल्याला ती कशी परवडणार, याचे उत्तर सरकारांनी द्यायला हवे. शार्कला वाचवायचे आणि त्याची सगळी किंमत एकट्या होडीवाल्याकडून वसूल करायची, हेही आम्हाला मान्य नाही.

वर दिलेला दोन आणि पाचचा हिशोब नववीला पुढील महिन्यात गणिताच्या तासाला देणार आहोत. आपल्यापैकी अनेक घरांचे नातेवाईक रत्नागिरी, मालवण, गोवा भागात आहेत. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाणाऱ्या मुलांनी गळाने मासे धरणाऱ्या एखाद्या काकांना जरूर विचारावे, की दोरीवरून मासा कोण नेतो, आणि दहातून किती वेळा. शार्कला तिकडे मुशी किंवा मोरी म्हणतात. शार्क म्हटले तर ते हसतील. मिळालेली उत्तरे वहीत लिहून आणावीत. वर्गशिक्षकांकडे ती १ डिसेंबरपर्यंत पोहोचली तर पुढील अंकात छापू.