पॉझिटिव्ह निघालं ते बरं झालं

करोनाने एक गोष्ट आम्हा तामलवाडीकरांच्या डोक्यात पक्की बसवली. निगेटिव्ह म्हणजे सुटलो! त्यामुळे बेचाळीस वर्षांच्या पुतणसुनेच्या स्तनातली गाठ काढल्यावर रिपोर्टात ‘ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह’ दिसलं, तेव्हा पुतण्या तुळजापूरला जाऊन नारळ फोडून आला.

कर्करोग होताच हो. हे शब्द वेगळंच सांगतात. काही गाठी शरीरातल्या इस्ट्रोजेनवर पोसतात. ते पकडणारे रिसेप्टर (पाठ्यपुस्तकी मराठीत ‘ग्राही’) पेशीत असले की गाठ पॉझिटिव्ह, आणि मग टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. जगभरातल्या चाचण्यांचा २०११ साली एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात या गोळीमुळे पहिल्या पंधरा वर्षांत या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले. निगेटिव्ह गाठीला ही गोळी लागू पडत नाही. तिथे केमोवर भिस्त.

पण माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. काढलेली गाठ तासाभरात चिरून फॉर्मलिनमध्ये पडायला हवी, नाहीतर असलेले रिसेप्टरही तपासणीत दिसेनासे होतात. आमची गाठ रात्रभर सलाइनमध्ये पडून होती. सकाळी पुतण्याने ती बरणी पिशवीत घालून एसटीने लॅबला नेली. नातेवाइकानेच न्यायची, अशी तिथली रीत म्हणे! पुढे मोठ्या रुग्णालयात बगलेतल्या गाठी काढल्या, त्यांची तपासणी झाली आणि ईआर पॉझिटिव्ह निघालं. ते झालं नसतं तर पोरीला गोळी मिळालीच नसती.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २००० साली ७९८ गाठींचा अभ्यास छापला. ईआर पॉझिटिव्ह जेमतेम एक तृतीयांश. पाश्चात्त्य देशांत हेच प्रमाण साधारण तीन चतुर्थांश असतं. आपल्याकडच्या रुग्ण बायका वयाने लहान, हे एक कारण. पण देशभरातल्या अशा बरण्यांचाही वाटा असणार, असं मला वाटतं. ऑपरेशनचं बिल हजारोंचं, आणि फॉर्मलिनला कितीसे पैसे लागतात? तेव्हा ऑपरेशनआधीच विचारा, फॉर्मलिन आहे का, गाठ कोण नेणार, कधी नेणार. डॉक्टर रागावले तर रागावू देत.

सूनबाईने मध्यंतरी दोनदा गोळी बंद केली होती. “काकू, अंगातून नुसत्या वाफा निघतात.” खरंच निघतात. आता गोळ्यांचं पाकीट माझ्या कपाटात असतं आणि रात्री जेवणं झाली की मी हाक मारते.