पोरस होऊन पाहा

फासा टाकलात, दोन पडले. तुमच्याकडे बारा तुकड्या आहेत, समोर सिकंदराचं सैन्य उभं आहे आणि या फेरीत तुम्हाला दोनच हुकूम देता येणार. डावीकडचे रथ वाचवायचे की मधले हत्ती पुढे काढायचे? बोला पटकन!

हा खेळ आहे डीबीए, म्हणजे ‘डी बेलिस अँटिक्विटॅटिस’. फिल बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट या इंग्रजांनी तो १९९० साली आणला. प्राचीन काळातल्या लढाया जेवणाच्या टेबलावर खेळायच्या. मैदान दोन फूट बाय दोन फूट, सैनिक बोटाच्या पेराएवढे. चार तुकड्या गेल्या आणि समोरच्याच्या त्याहून कमी गेल्या असतील, तर तुम्ही हरलात. तासाभरात निकाल लागतो.

खरी गंमत त्या एका फाशात आहे. जितके गुण पडतील तितक्याच हालचाली. जोडून उभ्या तुकड्या एका गुणात एकत्र पुढे जातात, पण रांग मोडली की प्रत्येकीला वेगळा गुण मोजावा लागतो. बुद्धिबळात राजाचा शब्द लगेच पाळला जातो, इथे सेनापतीचा आवाज धुळीत हरवतो. आणि हत्ती? त्यांना हलवायला जादा गुण लागतो. माहुतांना विचारा, पटेल.

मी पहिल्यांदा पोरस झालो तेव्हा समोर अकरा वर्षांची भाची सिकंदर होती. मी हत्ती ऐटीत पुढे उभे केले, पायदळ त्यांच्या पाठीला चिकटवलं. तिने घोडदळ बाजूने फिरवलं आणि हत्तींवर हलके भालेफेके सोडले. हत्ती मागे हटला तो माझ्याच तिरंदाजांना चिरडत. “मामा, तुझाच हत्ती तुलाच तुडवतोय!” आमच्या घरात हे वाक्य अजून ऐकवलं जातं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, की इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी जवळपास हेच झालं होतं. सिकंदराने पावसाळी रात्री वरच्या बाजूला नदी ओलांडली. पोरसाच्या मुलाचे रथ चिखलात रुतले. पोरसाने हत्ती पुढे ठेवले होते, एरियन त्यांची संख्या सुमारे २०० सांगतो. भालेफेक्यांनी माहूत टिपले, घोडदळाने कडेने दाबलं आणि कोंडलेल्या हत्तींनी आपलं-परकं पाहिलं नाही. शाळेत मी पोरसाच्या बाणेदार उत्तरापुरता धडा पाठ केला होता. त्याआधी दिवसभर तो माणूस कसल्या पेचात होता, ते त्या दोन गुणांनी कळलं.

धातूचे सैनिक महाग पडतात, रंगवायला आठवडे जातात. सुरुवातीला त्यांची गरज नाही. चपलांच्या खोक्याच्या चार-चार सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा, वर हत्ती, रथ, धनुष्य काढा. मुलांना हेच काम जास्त आवडतं. टेकडीला उलटी बशी चालेल. फक्त आजोबांना आधीच सांगा, की फासा परत टाकता येत नाही.

दुसऱ्या डावात बाजू बदला. मी बदलली. सिकंदर होऊनही हरलो. भाचीने हत्ती मोकळे ठेवले होते, मागे एकही तुकडी नव्हती.