चढणारी गाडी आणि थांबणारी गाडी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हल्लीं मोटार असते, आणि ज्यांचें डोंगराकडे नेहमीं जाणें-येणें आहे अशा कांहीं घरीं चारही चाकांस इंजिनाचें बळ देणारी, म्हणजे लोक जिला 'फोर-व्हील ड्राइव्ह' म्हणतात ती गाडी असते. अशी गाडी घेतांना चर्चा होते ती तिच्या चढण्याच्या सामर्थ्याची. चिखलांतून निघेल काय, ओढा ओलांडील काय, उभा चढ चढेल काय, हे प्रश्न घरांतील लहानथोर सारेच विचारतात. ती थांबेल काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः चारही चाकांस बळ मिळालें म्हणून ब्रेकचें सामर्थ्य तिळभरहि वाढत नाहीं. ब्रेक साध्या गाडीच्याहि चारही चाकांस असतातच. उलट अशी गाडी बहुधा अधिक जड असल्यामुळें तिच्या ब्रेकांवर भार जास्तच पडतो. म्हणून या महिन्यांत पुढच्या चाकांच्या ब्रेक-डिस्क आणि बेअरिंगें बदलण्याविषयीं चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय यांत्रिक आहे एवढ्यावरून वाचकांनीं पान उलटूं नये. चाकाच्या अवयवांचीं नांवें आपल्या भाषेस नवीं नाहींत. संस्कृतांत कण्यास अक्ष, मधल्या गड्ड्यास नाभि, काड्यांस अर आणि कडेस नेमि म्हणतात. लॅटिनमधील 'अ‍ॅक्सिस' हा शब्द आपल्या 'अक्षा'चा आणि इंग्रजींतील 'नेव्ह' हा 'नाभी'चा सख्खा भाऊबंद आहे. आपल्या गाडीवानानें त्यांसच आंस, तुंबा, आरे आणि धाव हीं नांवें दिलीं. मोटारींत नाभीस हब म्हणतात. बैलगाडींत तुंबा आंसावर घासतो, म्हणून त्यांत वारंवार वंगण घालावें लागतें. मोटारींत हें घासणें टाळून त्याच्या जागीं लोटणें आणलेलें आहे: दोन पोलादी कड्यांच्या मध्यें रूळ ठेविले कीं बाहेरचें कडें आंतल्याभोंवतीं सहज फिरतें. हेंच बेअरिंग. हे रूळ एका बाजूस निमुळते करण्याच्या कल्पनेचें पेटंट १८९८ सालीं अमेरिकेंत हेन्री टिमकेन यांस मिळालें. निमुळत्या रुळांचा विशेष असा कीं, वरून येणारा गाडीचा भार आणि वळणावर बाजूनें बसणारा रेटा हे दोन्ही तो सोसतो. जुन्या घाटणीच्या जीपगाड्यांत प्रत्येक पुढच्या चाकांत अशीं दोन बेअरिंगें समोरासमोर तोंड करून बसविलेलीं असतात.

आतां डिस्क. हबाबरोबर फिरणारी ती बिडाची जाड तबकडी होय. पायानें ब्रेक दाबला कीं कॅलिपर नांवाचा चिमटा दोन्ही बाजूंनीं तिच्यावर पॅड दाबतो. हिचें पेटंट इंग्लंडांत लँचेस्टर यांनीं १९०२ सालींच घेतलें होतें, परंतु तिचा बोलबाला झाला तो १९५३ सालीं ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत डिस्क-ब्रेकची जॅग्वार गाडी पहिली आली तेव्हां. आपल्याकडे १९४५ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें, जिला आज आपण महिंद्र म्हणून ओळखतों, १९४७ सालीं विलीज जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला. त्या गाड्यांस चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असत. पुढें डिस्क आल्या त्या उघड्यावर असल्यामुळें लवकर निवतात म्हणून.

निवण्याचें एवढें महत्त्व कां, हें घरगुती हिशेबानें पाहूं. दोन हजार किलो वजनाची भरलेली गाडी पांचशें मीटर खालीं उतरली, आणि तिचा सारा वेग केवळ ब्रेकनें आवरला, तर जी उष्णता निघेल तिनें सुमारें तीस लिटर, म्हणजे एक मोठा बंबभर, थंड पाणी उकळेल! बंबास लांकडें लागतात. येथें तीच आंच चार चाकांपाशीं निघते, आणि गाडीचा भार पुढें झुकत असल्यामुळें तिचा दोन-तृतीयांशाच्या आसपास वांटा पुढच्या दोन डिस्कांस सोसावा लागतो. वेगाचा हिशेब तर याहून कठोर आहे. वेग दुप्पट केला तर आवरावयाची शक्ति दुप्पट नव्हे, चौपट होते.

आहुपें हें गांव आंबेगांव तालुक्यांत सह्याद्रीच्या अगदीं कड्यावर आहे. पश्चिमेस कडा तुटून खालीं कोंकण दिसतें, गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात, आणि त्या बाजूची जुनी घाटवाट पायीं उतरण्याची आहे. मोटारीचा रस्ता पूर्वेकडून, घोडेगांवाहून डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेनें, चढउतार करीत आणि वळणें घेत येतो. येथें पाऊस असा पडतो कीं चार महिने रस्त्यावरून पाणी वाहतच असतें. आमच्या एक सूनबाई डॉक्टर असून दर आठवड्यास औषधें घेऊन त्या या रस्त्यानें जातात, आणि परततांना कित्येकदां गाडींत एखादें बाळंतपणाचें अगर तापाचें माणूस असतें. अशा गाडीचा ब्रेक ही चैनीची बाब नव्हे. १९१४ नव्हे, अगदीं अलीकडे, ३० जुलै २०१४ रोजीं याच तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळून दीडशेंहून अधिक माणसें गेलीं, तेव्हां तो अनर्थ प्रथम ध्यानांत आला तो तिकडून गाडी नेणाऱ्या एस. टी.च्या चालकाच्या. डोंगरांतील वस्तीस बाहेरच्या जगाशीं जोडणारा धागा म्हणजे रस्त्यावरचें एखादें चाक असतें, हें त्या दिवशीं साऱ्यांस कळलें.

गेल्या पावसाळ्यांत सूनबाईंस गाडीच्या पुढच्या डाव्या अंगानें भुंग्यासारखी घुंघुं ऐकूं येऊं लागली, आणि उतारावर ब्रेक दाबतांच पायाखालीं थरथर जाणवूं लागली. शहरांतील एका गॅरेजनें घुंघुं टायरची ठरवून फक्त दोन डिस्क बदलून दिल्या. तीन आठवड्यांत थरथर पुन्हां आली. घरांत मतें पडलीं. धाकटे चिरंजीव म्हणाले कीं गाडी चालते आहे, दिवाळीनंतर पाहूं. सूनबाईंनीं मात्र शांतपणें सांगितलें, "मामंजी, हा टायरचा आवाज नव्हे. गाडी उजवीकडे वळली कीं वाढतो, डावीकडे वळली कीं कमी होतो. दुखतें कोठें हें रोगी सांगतोच आहे." त्यांचें निदान बरोबर होतें. उजवें वळण घेतांना भार डाव्या चाकावर जातो, आणि खराब बेअरिंग भार पडतांच अधिक कण्हतें. टायरचा आवाज वळणानें असा बदलत नाहीं.

मग घोडेगांवच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनीं चाक जमिनीवरून उचलून वर आणि खालीं दोन हातांनीं धरून हलविलें. चाक खडखडलें. लागलीच दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरण्यास सांगितलें, तों खडखड थांबली. ही परीक्षा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी: ब्रेक दाबल्यावर हलणें थांबलें तर दोष बेअरिंगाचा; न थांबलें तर चाकाच्या सांध्यांचा, आणि तोहि तितकाच गंभीर. हब उघडल्यावर आंतील ग्रीस ताकासारखें पांढरें झालेलें दिसलें. याचें कारण ऐकण्यासारखें आहे. उतारावर तापलेला हब ओढ्याच्या गार पाण्यांत शिरला कीं आंतील हवा एकदम आंखडते, आणि सील जुनें असेल तर पाणी आंत ओढलें जातें. मग ग्रीस बिघडतें, रुळांवर गंज चढतो आणि त्यांचे बारीक खवले निघूं लागतात. डिस्कच्या थरथरीचें कारणहि तेथेंच सांपडलें. हबाच्या ज्या तोंडावर डिस्क बसते तेथील गंज न खरवडतांच नवी डिस्क बसविलेली होती. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, डगमगत्या पाटावर माणूस नवा बसवला म्हणून पाट डगमगायचा थांबत नाही."

'डिस्क वांकडी झाली' असें आपण सहज म्हणतों, परंतु पुष्कळदां ती वांकलेली नसते. बसतांना ती किंचित् डुलते, डुलल्यामुळें पॅड तिला एकाच जागीं घासतात, आणि कालांतरानें तिची जाडी जागोजाग कमी-अधिक होते. हा फरक मिलिमीटराच्या कांहीं शतांशांचा, केसाच्या जाडीहून कमी असतो, तरी पायास जाणवतो. ढिलें बेअरिंग हेंच करतें. शिवाय डुलणारी डिस्क पॅडांस मागें ढकलते, आणि पुढच्या वेळीं ब्रेकचा पाय खोल जातो. म्हणून बेअरिंग जुनें ठेवून डिस्क बदलणें म्हणजे अर्धें काम होय. जुन्या घाटणीच्या गाडींत तर डिस्क काढण्यास हब उतरवावाच लागतो; तेव्हां बेअरिंग न तपासणें ही काटकसर नव्हे, आळस होय.

हें काम घरीं करावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तें कसें व्हावें हें मालकास ठाऊक असावें. त्याचा क्रम असा:

पहिलें, गाडी सपाट जागीं उभी करून मागच्या चाकांस ठोकळे लावावे, आणि जॅकवर विसंबून न राहतां खालीं भक्कम घोड्या द्याव्या. कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवूं नये. तारेनें वर बांधावा.

दुसरें, बेअरिंगाचें आंतलें व बाहेरचें कडें, म्हणजे कोन आणि कप, जोडीनेंच बदलावीं. जुन्या कपांत नवा कोन बसविला तर जुनी झीज नव्यास लागते. कप ठोकतांना कडक पोलादी हत्यार वापरूं नये, कारण त्याचा तुकडा उडून डोळ्यांत जाण्याचा संभव असतो. पितळी दांड्यानें चारी बाजूंनीं सारखें ठोकावें, डोळ्यांस चष्मा असावा, आणि कप तळास टेकल्याची खात्री करावी.

तिसरें, ग्रीस रुळांच्या फटींतून पार निघेपर्यंत तळहातानें दाबून भरावें. हब मात्र काठोकाठ भरूं नये, तो तापतो. सील नेहमीं नवें घालावें.

चौथें, मधला नट आवळतांना हब फिरवीत राहावें, मग नट सैल करून गाडीच्या पुस्तकांतील मापाप्रमाणें पुन्हां आवळावा. अति घट्ट केल्यास बेअरिंग जळतें, सैल ठेवल्यास डुलतें. येथें अंदाज कामाचा नाहीं, मापाचा पानाच हवा. नव्या कांहीं गाड्यांत हब व बेअरिंग एकत्र बंद असतें. तें उघडावयाचें नसून सबंध बदलावयाचें असतें.

पांचवें, हबाचें तोंड गंज खरवडून चकचकीत करावें, नव्या डिस्कवरील संरक्षक तेल धुवून काढावें, आणि बसविल्यावर मापाचें घड्याळ लावून ती डुलत नाहीं हें पाहावें. डिस्क दोन्ही चाकांच्या एकदम बदलाव्या, आणि पॅडहि नवे घालावे. जुनी डिस्क ठेवावयाची असेल तर तिच्यावरच कमींत कमी जाडीचा आंकडा कोरलेला असतो. त्याखालीं गेलेली डिस्क भंगारांत टाकावी.

सहावें, आणि हें विसरलें तर सारें व्यर्थ: गाडी हलविण्यापूर्वीं ब्रेक कठीण लागेपर्यंत पायानें पुन्हां पुन्हां दाबावा. कॅलिपर मागें सारलेला असल्यामुळें पहिला पाय रिकामा जातो. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशीं पन्नास किलोमीटरांच्या वेगावरून पंधरापर्यंत हळू आणून सोडावें, असें आठ-दहा वेळां करावें, म्हणजे पॅड व डिस्क एकमेकांस रुळतात. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हां आवळून पाहावे.

याच वेळीं ब्रेकचें तेलहि बदलावें. हें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट-४ प्रतीचें तेल नवें असतां निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं, परंतु पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरूं शकते. उतारावर तें उकळलें कीं नळींत वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळें पाय थेट तळास जातो. ओल्या मुलखांत दोन वर्षांनीं तेल बदलणें म्हणूनच अवश्य आहे.

एवढें करूनहि उतरण्याची रीति सोडूं नये. ज्या गिअरांत चढलों त्याच गिअरांत, किंवा त्याहून खालच्यांत, उतरावें. इंजिनास वेग आवरूं द्यावा आणि ब्रेक थोडा दाबून सोडावा, सतत दाबून धरूं नये. सूनबाईंनीं आतां गाडींत एक लहान वही ठेविली आहे. तींत किलोमीटर, ओढ्याचें पाणी हबापर्यंत आलें तो दिवस, आणि कानास किंवा पायास कांहीं निराळें जाणवलें तर तें, अशा तीनच गोष्टी लिहितात. प्रत्येक घरांत जो गाडी चालवितो त्यानें अशी वही ठेवावी, आणि जो पैसे देतो त्यानें ती महिन्यांतून एकदां वाचावी. गाडीचा आवाज सर्वांत आधीं चालविणाऱ्याच्या कानास कळतो. त्याचें म्हणणें वयानें किंवा नात्यानें लहान म्हणून उडवून देऊं नये.