कुटुंबाचे मस्तक आणि सातबारा

परवा सांगलीला चुलतबहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. साताऱ्याहून पहाटे निघालो, कराडात चहा झाला आणि चक्क वेळेवर पोचलो. (आमच्या घराण्यात ही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.) लग्न छान झालं, जेवण त्याहून छान. माझी तक्रार आहे ती उपदेशाबद्दल. खरं तर तिथेच बोलणार होतो, पण ताईने कोपराने ढोसलं, म्हणून गप्प बसलो. आता इथे लिहितो. नातेवाईक मंडळी हे पान वाचतात हे मला माहीत आहे. वाचावंच.

पाळकसाहेब बाहेरगावाहून बोलावलेले होते. पाऊण तास बोलले. म्हणणं एवढंच, की देवाने पुरुषाला कुटुंबाचं मस्तक नेमलं आहे आणि बाईला त्याची मदतनीस. शेवटचा शब्द त्याचा. बाई कितीही शिकली, कितीही कमावती झाली तरी घरात तिने आपली जागा ओळखून राहावं. खरा मर्द घर ताब्यात ठेवतो. जगाची रीत वेगळी असेल, आपली ख्रिस्ती संस्कृती ही अशी आहे. नवरी बँकेत अधिकारी आहे. ती मान खाली घालून ऐकत होती आणि समोरच्या रांगेतले आमचे सगळे काका माना डोलावत होते.

मला राहून राहून वाटत होतं, हे मी आधी कुठेतरी ऐकलंय. मग आठवलं. गावाकडे पारावर! शब्दन् शब्द हाच. तिथे बोलणाऱ्यांपैकी एकही ख्रिस्ती नव्हता आणि त्यांना इफिसकरांस पत्राची गरजही पडली नव्हती. जी गोष्ट येशूचं नाव न ऐकलेल्या माणसालाही आपोआप पटते, ती ख्रिस्ती कशी काय?

आता त्या पत्राबद्दल. मी काही शास्त्री नाही, पण वाचता येतं. पाचव्या अध्यायात बायकांनी नवऱ्याच्या अधीन असण्याबद्दल जे आहे, ते बाविसाव्या ओवीत. एकविसाव्या ओवीत सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन असावं असं आहे. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तर बाविसाव्या ओवीला स्वतःचं क्रियापदच नाही, ते वरच्या ओवीतून घ्यावं लागतं. म्हणजे एकविसावी सोडून बाविसावी वाचताच येत नाही. पण आपल्याकडे उपदेश हमखास बाविसाव्यापासून सुरू होतो.

आणि तीच यादी पुढे सहाव्या अध्यायात जाते. तिथे दासांनी धन्याचं ऐकावं असंही आहे. अमेरिकेत गुलाम बाळगणारे लोक हीच वचनं काढून दाखवत. सांगलीत त्यावर कधी कोणी उपदेश केलाय? करून बघा! समोर बसलेल्या निम्म्या लोकांचे पणजोबा-खापरपणजोबा गावकीच्या कामातून, महारकीतून सुटायचं म्हणून या धर्मात आले. आमचेही. धनी आणि दास हे त्या काळापुरतं होतं, हे आपल्याला चटकन कळतं, कारण तिथे आपण दासाच्या बाजूला होतो. नवरा-बायकोचं मात्र सनातन! तिथे आपण धनी आहोत ना.

'मदतनीस' या शब्दाचीही गंमत आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात हव्वेसाठी जो हिब्रू शब्द आहे, 'एझेर', तोच जुन्या करारात अनेकदा खुद्द देवासाठी येतो, इस्राएलाच्या मदतीला धावणाऱ्या देवासाठी. तेव्हा देवानेही आपली जागा ओळखून राहावं असं म्हणायचं का? रोमकरांस पत्रातल्या फिबीचंही तेच. तिच्यासाठी पौलाने जो ग्रीक शब्द वापरलाय, तोच मंडळीच्या पुरुष अधिकाऱ्यांसाठीही येतो. आपण मात्र तिला 'सेविका' म्हणतो आणि चहाच्या ट्रेकडे बोट दाखवतो.

हे 'पवित्र शास्त्रानुसार पुरुषत्व' नावाचं प्रकरण हल्ली शिबिरांतून आणि व्हिडिओंतून आपल्याकडे फार चालतं. ते काही पौलाच्या काळापासून जसंच्या तसं आलेलं नाही. १९८७ साली अमेरिकेत काही धर्मपंडितांनी एक संस्था काढली, डॅनव्हर्स नावाच्या गावात एक जाहीरनामा तयार केला. तिथल्या स्त्रीमुक्ती चळवळीला ते उत्तर होतं. त्यांचं भांडण त्यांना लखलाभ. आपल्याकडे ते आलं आणि पाटीलकीच्या जुन्या रुबाबाला अगदी मापात बसलं, एवढंच.

'आपली ख्रिस्ती संस्कृती' म्हणताना निदान आपली माणसं तरी आठवायची. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि इथे, आमच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यांच्या नावाने आपण छाती फुगवतो. पण १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा काय झालं? मस्तकाने निर्णय घेतला! लक्ष्मीबाई मागोमाग गेल्या का? नाही गेल्या. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, विचार केला आणि १९०० साली स्वतःला पटलं तेव्हा बाप्तिस्मा घेतला. पाळकसाहेबांच्या हिशेबाने हा अवज्ञेचा नमुना झाला. मला विचाराल तर त्या पाच वर्षांमुळेच त्यांच्या बाप्तिस्म्याला किंमत आहे. नवऱ्याच्या मागे मुकाट चालत जाऊन घेतला असता तर ते धर्मांतर नसतं, बिऱ्हाड हलवणं झालं असतं. टिळक १९१९ साली गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण कोणी केलं? लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या याच बाईने.

पंडिता रमाबाईंची गोष्ट तर याहून झोंबणारी. बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. दोन वर्षांनी चेल्टनहॅमला असताना त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तर हरकत घेतली बिशप लोकांनी. रमाबाईंनी कळवलं, की माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने यात कधी काही वावगं पाहिलं नाही, मग तुम्हालाच का खटकावं? बंगालपर्यंत सभा गाजवून आलेली बाई ती! पुढे केडगावला त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. खिळे जुळवले बायकांनी, छापलं बायकांनी. १९२२ साली रमाबाई गेल्या, १९२४ साली ते प्रसिद्ध झालं. आणि आम्ही २०१३ साली आंध्रात नंद्यालला एक बाई बिशप झाली तेव्हा आश्चर्य करत बसलो.

असो. आता घरचं.

आमची आत्या मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स होती. बाबा कुटुंबाचे मस्तक. बाबांनी एका वर्षी कोणाला न विचारता सोसायटीचं कर्ज काढून विहीर खोदली. पाणी लागलं नाही. मस्तकाने विचारायचं नसतं आणि चुकलं तर सांगायचंही नसतं. त्यामुळे आईला कर्ज कळलं ते नोटीस आल्यावर. बाबा वाईट नव्हते. आतून घाबरलेले होते आणि घाबरलोय असं म्हणायची त्यांना सोय नव्हती. खऱ्या मर्दाची शिबिरं घेणाऱ्यांनी याचाही कधी विचार करावा. ते कर्ज आत्याने फेडलं, रात्रपाळ्या करून, दर महिन्याला मनिऑर्डर पाठवून. आणि ज्या जमिनीवरचं कर्ज फेडलं, तिच्यावरचा आपला हिस्सा तिने आजोबांच्या पश्चात हक्कसोडपत्र करून भावाला देऊन टाकला होता. साडी मिळाली. तिच्या अंत्यविधीला नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचला. त्यातली सद्गुणी बाई शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून मळा लावते. वाचणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, मी तेव्हा कुठली भजनं घ्यायची या वादात गुंतलो होतो.

कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा १९२५ च्या वारसा कायद्यात आहे. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. म्हणजे आपल्या मुली या बाबतीत कितीतरी पुढे होत्या, कागदावर. (घटस्फोटाच्या कायद्यात उलटं. १८६९ च्या कायद्याप्रमाणे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे. बायकोला तेवढं पुरत नसे, सोबत क्रूरता नाहीतर परित्याग वगैरेही सिद्ध करावं लागे. १९९७ साली मुंबई हायकोर्टाने यावर बोट ठेवलं आणि २००१ साली कायदा बदलला. हा कायदाही 'ख्रिस्ती' म्हणूनच मिरवत होता बरं.) पण कागदावरच्या वाट्याचं काय होतं? माहेर तुटेल, भावाचं तोंड बंद होईल, लोक काय म्हणतील. मग बहीण निबंधक कार्यालयात जाऊन सही करते. आणि आपण प्रार्थना करून पेढे वाटतो.

बाबा जाऊन आता वर्ष होईल. सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि ताईचं नाव लागलंय. लग्नाच्या जेवणावळीत मोठ्या काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताईचं हक्कसोड कधी उरकायचं? मी वकिलाला सांगून ठेवतो." मी हो-नाही काहीच बोललो नाही. भित्रेपणा. तर काका, उत्तर इथे देतो: वकिलाला सांगू नका. ताईचं नाव राहणार. तिला आपला वाटा विकायचा असेल, कसायचा असेल, पडीक ठेवायचा असेल, ते ती ठरवेल, आणि ठरवताना मला विचारलं नाही तरी चालेल. ताई, तूही परत फोन करून "तूच ठेव रे, मला काय करायचंय" म्हणू नकोस. यंदाच्या सोयाबीनचा हिशेब लिहून ठेवलाय. आईचे, तुझे आणि माझे तीन भाग केलेत. तुझा भाग नाताळला येशील तेव्हा घेऊन जा.