हातजोडणी

हाताने केलेल्या वस्तूंविषयी मला नितांत आदर आहे. शेवया हातच्याच खाव्यात, गोधडी हाताने शिवलेलीच पांघरावी. पण हातच्या शेवया दुप्पट भावाने विकून वर कुणी ‘या खाल्ल्या की गळा सुधारतो’ असं सांगू लागलं, तर मी हिशेब मागेन. गिटारच्या ॲम्प्लिफायरवाल्यांकडे मी तोच हिशेब मागतो आहे.

ज्यांच्या घरात गिटार नाही अशा सुखी वाचकांसाठी थोडा खुलासा. इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही धड ऐकू जात नाही. तिचा आवाज जन्मतो तो ॲम्प्लिफायरमध्ये, आणि पुष्कळ वादकांना त्यात अजूनही काचेचे व्हॉल्व्हच लागतात. आतले भाग जोडायच्या रीती दोन. एक, छापील सर्किटची पट्टी. दुसरी, एकेक तार कापून, वळवून, हाताने सोल्डर करायची. या दुसरीला ‘हँडवायर्ड’ म्हणतात, आणि म्हणताना देवळात शिरल्यासारखा आवाज खाली आणतात. फेंडर कंपनीचा ‘डिलक्स रिव्हर्ब’ दोन्ही रीतींनी निघाला. हातजोडणीचा दीडपटीहून महाग! दोघांच्या सर्किटात नि स्पीकरमध्येही फरक आहेत, पण भाविक सगळं पुण्य हाताच्याच खात्यावर जमा करतात.

जरा इतिहास बघा. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी बनणारा फेंडरचा ‘बासमन’ हातजोडणीचाच होता, कारण तिथली ती रोजची रीत होती. कारखान्यातल्या बाया फायबरच्या पट्टीवर भाग बसवायच्या आणि कामाची खूण म्हणून आत चिकटपट्टीवर आपलं पहिलं नाव लिहायच्या. १९६२ साली लंडनचा जिम मार्शल, म्हणजे ड्रम शिकवणारा एक दुकानदार, त्याच्या माणसांनी हा बासमन समोर ठेवून जवळजवळ तसाच ॲम्प्लिफायर बनवला. तोही हातानेच. त्या वेळी त्याला कुणी साधना म्हटलं नाही, नोकरी म्हणाले. ठाण्याला बनणाऱ्या मर्फी रेडिओच्या पोटातही तारांची अशीच वेलबुट्टी असे. म्हणून त्याच्यावर बातम्या जास्त खऱ्या लागतात, असं काही कुणी म्हणत नव्हतं.

राहता राहिला विज्ञानाचा प्रश्न. तारेतून जाताना सोल्डर कुणी लावलं याची चौकशी इलेक्ट्रॉन करीत नाही. चौकशी करण्याची सवय आमच्या कर्ज खात्याला. इलेक्ट्रॉनला ती नाही. आवाज ठरतो तो सर्किटच्या आराखड्यावर, ट्रान्सफॉर्मरवर, व्हॉल्व्हवर आणि सगळ्यात जास्त स्पीकरवर. तारांच्या मांडणीचा परिणाम होतो, हे कबूल. पण मांडणी बिघडवण्याची सोय हातालाही आहेच. १९८७ साली अमेरिकेत निघालेला सोल्डानोचा ‘एसएलओ १००’ छापील पट्टीवरचा. तो स्वस्तही नाही आणि त्याच्या आवाजाला नाव ठेवणारेही फारसे भेटत नाहीत.

मजुरीबद्दल माझी तक्रार नाही. कुशल माणसाचे तास लागले तर त्यांचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. तक्रार आहे ती मजुरीचं बिल ‘आवाज’ या नावाने फाडण्याबद्दल. त्याचा भुर्दंड बसतो कुणाला? शिकवण्या करून पैसे साठवणाऱ्या पोराला. त्याच्या चांगल्या चालत्या ॲम्प्लिफायरकडे बघून कुणीतरी ‘छापील आहे वाटतं?’ असं नाक मुरडतो, आणि ते पोर रियाज सोडून हप्ते मोजायला लागतं.

हातजोडणीचा एक फायदा मात्र सोळा आणे खरा आहे, आणि नेमका तोच कुणी मोठ्याने सांगत नाही. तो म्हणजे दुरुस्ती. आमच्या आधीची मंडळी हाताने लेजर लिहीत. त्याने कुणाची शिल्लक वाढली नाही. पण चूक झाली तर ओळीवर बोट ठेवून सापडायची. इथेही तसंच. वीस वर्षांनी कपॅसिटर गेला तर तेवढाच उपटून नवा लावता येतो. स्वस्त मालात तापणाऱ्या व्हॉल्व्हचे सॉकेट थेट छापील पट्टीवरच बसवतात. उष्णतेने पट्टी भाजते, तिच्यावरची तांब्याची रेघ उचलली जाते, आणि मेकॅनिक ‘नवाच घ्या’ म्हणतो. लिओ फेंडर हा मूळचा हिशेबनीस, म्हणजे आम्हा कॉमर्सवाल्यांचा जातभाई. १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान घातलं होतं. उघडायला सोपं ते टिकतं, हे त्याला दुकानात बसून कळलं होतं.

आणि भक्तांची गंमत बघा. कॅलिफोर्नियाचे अलेक्झांडर डंबल (२०२२ साली ते वारले) एकेका वादकाच्या हाताला जुळेल असा ॲम्प्लिफायर बनवत. पण नक्कल होऊ नये म्हणून कित्येकदा सर्किटवर इपॉक्सीचा थर ओतत. म्हणजे जोडणी हाताची, पण दुसऱ्या कुणाचा हात आत जाता कामा नये! त्यांचे ॲम्प्लिफायर आज लाख डॉलरच्या पुढे विकले जातात.

तेव्हा दुकानदाराला एवढंच विचारावं: ‘हा उघडता येतो का? आतला भाग बाजारात मिळतो का? व्हॉल्व्हचे सॉकेट कशावर बसवलेत?’ उत्तरं चांगली मिळाली तर जोडणी हाताची असो की यंत्राची, खुशाल पैसे मोजावेत. आणि तो नुसतं ‘अहो, हँडवायर्ड आहे!’ एवढंच म्हणाला, तर आपणही आपली हातजोडणी दाखवावी. दोन्ही हात जोडावेत आणि दुकानाची पायरी उतरावी.