वाक्य संपेपर्यंत थांबा

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला व्याकरण शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर एक वाक्य लिहिते. ‘मी उद्या गावाला जाणार नाही.’ मग शेवटचा शब्द तळहाताने झाकते आणि विचारते, "आता काय अर्थ झाला?" मुलं हसतात. वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलंही असतात. त्यांच्यातलं कुणी तरी हमखास म्हणतं, "मॅडम, आमच्यातही तसंच. ‘होगूदिल्ल’ मधलं ‘इल्ल’ शेवटालाच येतंय की."

खरंच आहे ते. हिंदीत ‘मत जाओ’ म्हणतात, म्हणजे नकार आधी आणि क्रिया मागून. इंग्रजीत तर ‘डोन्ट’ने सुरुवातच होते. आपल्या दोन्ही भाषांत मात्र सगळं सांगून झालं की मग शेवटी ‘नाही’ येतं. नाही, नको, नका, इल्ल, ब्याड हे सगळे वाक्याच्या दारात उभे राहणारे शब्द. वीस वर्षं मी हे वर्गात सांगते आहे. घरी त्याची किंमत कळायला मात्र गेला श्रावण उजाडावा लागला.

आमच्या घरात सासूबाईंना सगळेच ‘अव्वा’ म्हणतात. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, घर कन्नड. पन्नास वर्षांपूर्वी त्या या मराठी घरात सून म्हणून आल्या. मामंजी त्यांच्याशी मराठीत बोलायचे, त्या कन्नडमध्ये उत्तर द्यायच्या आणि संसार झाला. आता माझी मुलं आजीशी कन्नड, माझ्याशी मराठी आणि आपापसात दोन्हींची भेळ करून बोलतात. आपल्या भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे तुम्हाला यात नवल वाटायचं नाही.

श्रावणात अव्वांचं पोट बिघडलं. दोन दिवस नुसत्या भाताच्या पेजेवर होत्या. संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "पोटात काही जात नाही ना, मग आज रात्रीची शुगरची गोळी देऊ नका. सकाळी बघू." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकाला लागले. कढईत फोडणी तडतडत होती, कुकर चढवलेला होता. अव्वा बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. मी शेगडीकडे तोंड करूनच ओरडले, "अव्वा, आज रात्रीची शुगरची गोळी घ्यायची नाही!"

‘नाही’ म्हणायला आणि कुकरची शिट्टी व्हायला एकच गाठ पडली. बाहेरून अव्वांचं "हं" ऐकू आलं. माझं काम झालं.

पहाटे चारच्या सुमारास तांब्या पडल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर अव्वा घामानं निथळलेल्या, हात थरथरताहेत, बोलणं तुटक. ह्यांनी शुगर तपासली तर ५२. शुद्धीवर होत्या, गिळता येत होतं, म्हणून लगेच साखरेचं पाणी पाजलं आणि तसंच दवाखान्यात नेलं. त्या गोळीचा परिणाम बराच वेळ राहतो, म्हणून एक दिवस ठेवून घेतलं. देवाच्या दयेनं निभावलं.

दुपारी त्या उठून बसल्यावर हे जरा चिडूनच म्हणाले, "अव्वा, घ्यायची नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला? ऐकत का नाहीस?" अव्वांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आकी तगो अंदळु, तगोंडे." ती घे म्हणाली, मी घेतली.

वाचकहो, त्या क्षणी मला कुठं तोंड लपवू असं झालं. त्यांनी ऐकलं नाही असं कुठं होतं? जेवढं त्यांच्यापर्यंत पोहोचलं तेवढं त्यांनी तंतोतंत ऐकलं होतं. वर्गात वीस वर्षं हातानं झाकून दाखवलेला शब्द घरी मी पाठ फिरवून झाकला होता.

पुढच्या आठवड्यात त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली. उतारवयात येणारा बहिरेपणा, दोन्ही कानांना. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. या बहिरेपणात बहुधा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, क, त यांसारखी हलकी व्यंजनं निसटतात. साठ, पाठ, काठ आणि ताठ हे चारही शब्द मग एकसारखेच वाटतात. म्हणून अशी माणसं म्हणतात, "आवाज येतो, पण काय बोलताय ते कळत नाही." त्यात मिक्सर, कुकर, टीव्ही, लग्नाचा हॉल असा गोंगाट असला की आणखी अवघड. आणि आपण काय करतो? ओरडतो. ओरडल्यानं शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट फाटतात. शिवाय ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो. ऐकणाऱ्याला शब्द कळत नाहीत, राग मात्र कळतो.

यात अव्वा काही एकट्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे साठीच्या पुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना दैनंदिन व्यवहारात अडचण यावी इतका बहिरेपणा असतो. म्हणजे चार आजी-आजोबा एकत्र बसले की त्यांतल्या एकाला तरी हा त्रास असण्याचा संभव. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर काही उपाय करता येतो अशा १४ गोष्टींची यादी दिली. त्यात ऐकू कमी येणं हीही एक गोष्ट आहे.

हे सगळं ऐकताना मला आधीची दोन वर्षं आठवत होती. टीव्हीचा आवाज वाढत गेला होता. सगळे हसले की अव्वा क्षणभर थांबून, आमच्या चेहऱ्यांकडं बघून मग हसायच्या. शुक्रवारचं भजन त्यांनी सोडलं होतं. फोन आला की दोन शब्द बोलून आमच्या हाती द्यायच्या. आणि एकदा त्या मला म्हणाल्याही होत्या, "ईगीग सरी केळसंगिल्ल…" हल्ली नीट ऐकू येत नाही. त्या पुढं काही तरी सांगणार होत्या. मी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "वय झालं की व्हायचंच अव्वा." त्या उठून गेल्या.

दवाखान्यातून आल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "तेव्हा पुढं काय सांगणार होता?" त्यांना आठवत होतं. भजनात कुणी तरी काही विचारलं, यांनी भलतंच उत्तर दिलं आणि सगळ्या बायका हसल्या. वाईट हेतूनं नव्हे, पण हसल्या. त्या दिवसापासून त्यांनी जाणं बंद केलं. दीड वर्ष ही गोष्ट त्यांच्या मनात पडून होती, कारण मी अर्ध्या वाक्यावर उत्तर दिलं होतं.

म्हणजे हिशेब बरोबरीचा झाला. माझ्या वाक्याचं शेपूट त्यांना ऐकू आलं नाही, ते कानांमुळं. त्यांच्या वाक्याचं शेपूट मला ऐकू आलं नाही, आणि माझे कान तर धड आहेत!

आमच्या घरात आणखी एक वाक्य रुळलं होतं. अव्वांनी "काय म्हणाला?" असं विचारलं की आम्ही म्हणायचो, "काही नाही, राहू द्या." मुलं म्हणायची, "एनिल्ल बिडु." बोलणाऱ्याला वाटतं, फुटकळ गोष्ट आहे, पुन्हा कशाला सांगायची? ऐकणाऱ्याला वाटतं, मला सांगण्याच्या लायकीची नाही. दिवसातून दहा वेळा असं झालं की माणूस विचारणंच सोडतो आणि सगळ्यालाच "हं" म्हणू लागतो. अव्वांचं ते "हं" मी दोन वर्षं होकार समजत होते. खरं तर त्या "हं"चा अर्थ होता, ‘मला कळलेलं नाही, पण आता पुन्हा विचारायची लाज वाटते.’

कान चांगले असणाऱ्यांच्या घरातही हे चालतंच. दोन भाषांच्या घरात तर जास्तच. दुसरी भाषा ऐकताना मन क्षणभर मागं असतं. नवी सून मराठीत बोलायचा प्रयत्न करते, शब्द शोधत थांबते आणि आपण तिचं वाक्य आपल्याच शब्दांनी पुरं करून टाकतो. आपल्याला वाटतं, मदत केली. तिला वाटतं, माझं बोलणं कुणाला नकोच आहे. माझ्याकडं एकदा एक विद्यार्थी आला होता. "मॅडम, मला परीक्षेला बसायचं…" एवढं तो बोलला आणि मी "अरे बस की, फॉर्म भर आधी!" म्हणून मोकळी झाले. तो मान हलवून गेला. त्याला ‘बसायचं नाही’ म्हणायचं होतं. वडिलांचं आजारपण होतं घरी. हे मला नंतर त्याच्या मित्राकडून कळलं. तेव्हा बोलावून घेतलं म्हणून पुढचं मार्गी लागलं, नाही तर माझ्या उत्साहापायी मुलगा हातचा गेला असता.

आपल्या दोन भाषांतले ऐकण्याचे शब्दही बघण्यासारखे आहेत. मराठीत ‘ऐकणं’ म्हणजे कानानं ऐकणं आणि सांगितलेलं मानणंही. म्हणून ‘ऐकत नाही’ म्हटलं की ती तक्रार होते. ह्यांनी दवाखान्यात केली ती तीच. कन्नडमध्येही ‘मातु केळु’ म्हणजे सांगितलेलं मानणं. पण त्याच ‘केळु’चा आणखी एक अर्थ आहे, विचारणं. ऐकायचं आणि विचारायचं या दोन्हींसाठी एकच क्रियापद! ऐकणाऱ्यानं विचारलंही पाहिजे आणि विचारणाऱ्यानं ऐकलंही पाहिजे, हे त्या भाषेनं एकाच शब्दात बांधून ठेवलं आहे. कन्नडमधून आपण तूप घेतलं, अडकित्ता घेतला, अण्णा आणि अक्का घेतले. हा अर्थही घ्यायला हरकत नाही. शेजारच्या भाषेकडं कान देणाऱ्याला काय मिळतं हे धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांनी दाखवलंच आहे. घरची भाषा मराठी आणि १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवितेला.

आता आमच्या घरात काही गोष्टी ठरवून टाकल्या आहेत. अव्वांशी बोलायचं तर त्यांच्यासमोर जाऊन, चेहरा दिसेल असं, आधी हाक मारून. टीव्ही बंद करून. आवाज चढवायचा नाही, वेग कमी करायचा. वाक्याच्या शेवटी आवाज पाडायचा नाही, कारण आपलं ‘नाही’ तिथंच असतं. औषधाची गोष्ट असेल तर ‘नाही’ आधी सांगायचं आणि शेवटीही: "आज नाही, अव्वा. ही गोळी आज नाही." आणि मोठ्या अक्षरांत कागदावर लिहायचं. एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य दहादा न घोकता वेगळ्या शब्दांत सांगायचं. ‘काही नाही, राहू द्या’ या वाक्याला बंदी. मुलांनी तर त्यासाठी दंडाचा डबाच ठेवला आहे. आतापर्यंत सगळ्यांत जास्त पैसे माझेच गेले आहेत.

कानाचं यंत्रही घेतलं. "सगळे बघतील," म्हणून अव्वा आधी तयार नव्हत्या. मुलगा म्हणाला, "अज्जी, चष्मा नाही का लावत?" तेव्हा पटलं. पहिले काही दिवस भांड्यांचा खणखणाट नि पंख्याची घरघर सहन होईना. काढून ठेवायच्या. मेंदूला त्या आवाजांची पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही धीर धरला. यंत्रानं तरुणपणीचे कान परत येत नाहीत. समोर बसून बोलणं अजून लागतंच. पण दिवाळीनंतर अव्वा पुन्हा भजनाला जाऊ लागल्या.

कन्नडमध्ये एक म्हण आहे, ‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल’. ज्याला जेवायचं कळतं त्याला रोग नाही, ज्याला बोलायचं कळतं त्याला भांडण नाही. परवा जेवताना मी ही म्हण अव्वांना म्हणून दाखवत होते. पहिला अर्धा भाग झाला आणि पुढचा त्याच म्हणू लागल्या. मग एकदम थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "तू संपव की. मी ऐकतो."

मी संपवली. मग त्यांनी विचारलं, "रात्रीची गोळी घ्यायची काय नाही?"

"घ्यायची, अव्वा."

"पुढं काय नाही ना?"

"पुढं काही नाही," मी म्हटलं. त्या उठल्या आणि गोळी घ्यायला गेल्या.