खेतवाडीत शेत कुठे आहे?

१/ खेतवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, फणसवाडी. गिरगावातील या नावांत मुंबईची बागायत दडलेली आहे. आज ती केवळ पत्त्यांपुरती उरली आहेत.

२/ मुंबईकराला शेतीची ओळखच नाही, असे गृहीत धरून शहरी शेतीचे वर्ग भरवले जातात. इतिहास निराळे सांगतो. लालबाग-परळच्या गिरण्यांत राबणारे असंख्य कामगार कोकणातील आणि घाटावरील शेतकरी घरांतले होते. पेरणी-कापणीला ते गावी जात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अनेकांनी गावच्या शेतीचाच आधार घेतला.

३/ म्हणजे शेती जाणणारे हात येथे होते. उणीव होती ती जमिनीची. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला देऊ केला. २००१च्या दुरुस्तीने हा हिशेब गिरणीच्या आवारातील रिकाम्या जमिनीपुरताच उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरणगावाच्या हातून मोठी मोकळीक निसटली.

४/ शेती शिकावी कशी, याचे उत्तरही महाराष्ट्रातच आहे. श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’त तासगावचे द्राक्षबागायतदार एकमेकांच्या प्रयोगांतून शिकले. याच विचाराच्या आधारे प्रीती पाटील यांनी २००२ पासून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग फुलवली. ती जोपासायला तिथले कर्मचारीच पुढे आले.

५/ या दोन्ही उदाहरणांत शिकणाऱ्याच्या हाताशी जागा होती. एका रविवारच्या कार्यशाळेत वाफा भरणे समजते. कीड, अतिवृष्टी, फसलेले पीक आणि राखलेले बियाणे हे धडे मात्र पूर्ण हंगामच देतो.

६/ आधीच अपुऱ्या असलेल्या उद्यानांत वाफे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. मुलांचे मैदान हिरावून शेती करू नये. परंतु पालिका शाळांच्या गच्च्या आहेत, उद्यानांचे पडीक कोपरे आहेत, पुनर्विकासात उभ्या राहणाऱ्या इमारतींचे आराखडे आहेत. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रासोबत एका हंगामापुरता सामायिक वाफा मिळालाच पाहिजे.

७/ अशा वाफ्यांवर मुंबईचे पोट भरणार नाही. पण गिरणी कामगारांच्या नातवंडांना आजोबांची विद्या पुन्हा हाती घेता येईल. जमिनीवाचून दिलेले शेतीचे शिक्षण हे पाण्यावाचून शिकवलेले पोहणे आहे.